चौदा काजांची पट्टी

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. उद्या लिहायला बसले तर मी शहाण्यासारखं लिहीन आणि मग त्यात हमीद चाचा राहणारच नाहीत. ड्युटी संपवून खोलीवर आलेय, युनिफॉर्म अजून अंगावरच आहे, आणि मांडीवर एक हातभर लांब कापडी पट्टी आहे. पांढऱ्या पॉपलीनची. दोन्ही टोकांना नाडे, मधे ओळीनं काज... शर्टाला बटण लावायला असतात ना, तीच काज. बटण मात्र एकही नाही. आज वॉर्डात या पट्टीनं जे केलं ते सांगायला मी फोनवर भराभर टाईप करतेय, पण आधी चाचा सांगावे लागतील, नाहीतर तुम्हाला ही पट्टी म्हणजे नुसती चिंधी वाटेल.

पाच आठवड्यांपूर्वी, दुपारी, डबा उघडून बसले होते आणि फोन वाजला. स्क्रीनवर 'मास्टर चाचा रोहिणखेड'. एखाद्या शुक्रवारी त्यांचा फोन यायचाच, त्यामुळे मी हॅलो न म्हणता नेहमीसारखं विचारलं, "काय चाचा, आज कोणतं काज?" यावर ते म्हणायचे, "डावं चौथं. तू जेवली का?" एवढंच बोलणं, चार वर्षं. पण त्या दिवशी पलीकडे चाची होती. "बेटी... तेरे चाचा नहीं रहे." सकाळी दुकानात मशीनवर बसले होते, शाळेच्या गणवेशाचा शर्ट लावला होता, आणि मान खाली गेली. समोरच्या किराणावाल्याला वाटलं, मास्टर सुईत दोरा ओवून राह्यले. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की दोरा ओवायला एवढा वेळ मास्टरला कधी लागत नाही. हार्ट अटॅक. आणि मी काय विचारावं? "चाची, शुगर किती होती?" तोंडातून तेच निघालं... मला आजही त्याची लाज वाटते. चाचीनं मात्र शांतपणे उत्तर दिलं. इन्सुलिनची सुई घेतली होती, नाश्ता केला होता, पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. आणि मग म्हणाली, "पैर पायडल पर ही थे, बेटी. दोनों." तिनं 'दोनों' काऊन म्हटलं, ते मला आणि तिलाच ठाऊक आहे. आता तुम्हालाही कळेल.

चार वर्षांपूर्वी मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला होते. चिखलीची पोरगी, हॉस्टेलवर राहायची, पहिल्यांदा घराबाहेर. दवाखान्याचं नाव राहू द्या, आपल्या जिल्ह्यातलाच. पुरुष वॉर्डात माझ्या वाट्याला आलेली पहिली मोठी केस म्हणजे हमीद मास्टर, वय साठच्या आसपास, धंदा शिवणकाम, शुगर जुनी. त्यांच्या उजव्या तळपायात शिवायची सुई घुसली होती आणि दोन दिवस त्यांना पत्ताच नव्हता! शुगरनं पाय बधिर झाले होते. चाचीला मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. "चाळीस साल सुई चालवली," ते म्हणायचे, "अन् शेवटी तिनंच मले गाठलं. ते बी मागून."

चाचांना सगळं विचारायचं असायचं. असा पेशंट मी परत पाहिला नाही. बीपीचं मशीन हात एवढा काऊन आवळते? सलाईन थेंब थेंबच काऊन, धार काऊन नाही? आणि एक दिवस, मी इन्सुलिन द्यायला गेले तेव्हा, "काऊन वो सिस्टर, जखम पायाले अन् सुई पोटात? फाटलं कुठं अन् तुम्ही शिवून राह्यले कुठं?" शेजारच्या कॉटवरचा माणूस हसला. मी पण हसले, पण उत्तर येत नव्हतं. म्हणजे पुस्तकातलं येत होतं, शब्द पाठ होते, पण टेलरला सांगता येईल असं काही येत नव्हतं. हॉस्टेलवर जाऊन मी ते प्रकरण पुन्हा काढलं, आणि खरं सांगते, परीक्षेसाठी नाही तर कोणाला तरी सांगायचंय म्हणून मी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पाय ठेवला की कॉटवरून आवाज, "कालचं उत्तर आणलं का?" मी वहीच्या मागच्या पानावर त्यांचे प्रश्न लिहून ठेवू लागले. मला वाटायचं मी त्यांना शिकवतेय.

मग माझा हेल्थ टॉक आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नर्सिंगच्या पोरींना पेशंटच्या कॉटजवळ उभं राहून आजाराची माहिती सांगावी लागते, आणि ट्यूटर मॅडम बाजूला कागद घेऊन मार्क देतात. मी दोन दिवस जागून चार्ट केले. पोटाचं चित्र, सुईचं चित्र, चारी बाजूंनी चमकीची बॉर्डर. चार्ट उघडला तसा शेजारचा म्हणाला, "मास्टर, तुमचं लगन हाय का काय बे? एवढी सजावट!" चाचा म्हणाले, "गप राय बे, पोरीले बोलू दे." आणि मी बोलले. धडाधड. इन्सुलिन कसं ठेवायचं, कसं ओढायचं, कुठं टोचायचं, रोज जागा बदलायची, बदलायची म्हणजे बदलायचीच. चाचांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटलं, वा, किती छान सांगितलं मी! शेवटी चार्ट गुंडाळत विचारलं, "समजलं का चाचा?"

"हाव बेटा. एकदम साफ."

पंचवीसपैकी बावीस. वर्गात सगळ्यात जास्त. मी फाईलमध्ये ऐटीत लिहिलं, 'रुग्णास माहिती दिली. रुग्णास समजले.' चार दिवसांनी चाचांना सुट्टी झाली, चाचीनं माझ्या हातात शेंगदाण्याच्या वड्या दिल्या आणि दोघं एसटीनं गावी गेले.

अडीच महिन्यांनी ते परत आले तेव्हा मी त्यांना आधी वासानं ओळखलं. हे लिहू नये कदाचित, पण नर्सिंगमध्ये नाक आधी शिकतं. उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती आणि जखम वर चढत होती. शुगर खूप. डॉक्टर राउंडला म्हणाले, शुगर खाली आली तर करंगळीवर निभावेल, नाही आली तर पाऊल कापावं लागेल. सगळे प्रश्न विचारणाऱ्या माणसानं त्या वेळी काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "डाक्टरसाब, मशीन पायाची हाय. चाल मी उजव्या पायानंच धरतो." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या कॉटकडे गेले... पाऊल गेलं तर दुकान गेलं, चाचांचा दिवसच गेला. हे मी रोज ड्रेसिंगच्या वेळी त्या पायाकडे बघताना डोक्यात ठेवून असायची.

आणि कोडं हे की, सुई तर रोज घेत होते! चाची शपथेवर सांगत होती. मग शुगर खाली काऊन येत नाही? वॉर्डात प्रत्येकाचा एकच संशय. मी पण विचारलं, "चाचा, खरं खरं सांगा, जिलबी?" ते भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी मॅडम राउंडला आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पोटाला हात लावून पाहिलंस?"

नव्हता लावला. कागद पाहिले होते, शुगरचे आकडे पाहिले होते, पोट नाही. हात लावला तर बेंबीच्या उजवीकडे, दोन बोटांवर, एक गाठ. कापडाखाली मोठं बटण राहिल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, रोज त्याच जागी सुई गेली की असं होतं, मग तिथं टोचलेलं इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. मी चाचांना विचारलं, "तुम्ही रोज इथंच टोचता?" "हाव. तिथं दुखत नाही ना. पयल्या दिवसापासून तीच जागा धरली." मॅडम डॉक्टरांना सांगायला गेल्या आणि मी भडकले. खरंच भडकले, पेशंटवर! "अहो, मी सांगतलं होतं ना जागा बदला म्हणून! चार्टवर होतं! तुमी 'समजलं' म्हणाले होते ना मले?"

चाचांनी आधी मॅडम गेल्या त्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ते मॅडम कागद घेऊन उभी होती ना, बेटा. तुझी परीक्षा होती. मी नाही म्हटलं असतं तर तुले नापास केलं असतं. लेकराचं नुकसान काऊन करू?"

माझा हात त्यांच्या पोटावरच होता, त्या गाठीवर. काढताही येईना. बावीस मार्क मला मॅडमनी दिलेच नव्हते, त्यांनी फक्त लिहिले होते. दिले होते चाचांनी, एक 'हाव' म्हणून. आणि त्या 'हाव'पायी आज त्यांचं पाऊल टांगणीला होतं. माझ्या तोंडून फक्त "चाचा..." निघालं. ते म्हणाले, "रडू नको वो. पास झाली ना?"

मॅडमना सांगायचं की नाही? रात्रभर विचार केला. भीती वाटत होती की मार्क कापतील, घरी कळेल. सकाळी जाऊन सांगून टाकलं. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून ठेवून दिलं. मग म्हणाल्या, "मी पण त्या दिवशी पूर्ण वेळ तुझ्याकडेच पाहत होते गं. त्यांच्याकडे एकदाही नाही." आणि म्हणाल्या, जा, पुन्हा शिकव, मी येणार नाही. कागद तर मुळीच आणणार नाही.

मी चार्ट न घेता गेले तर चाचा म्हणाले, "आज मी शिकवतो. चाचीले चिंधी अन् सुईदोरा आणायले सांगतलाय." मला वाटलं त्यांना वेळ घालवायचाय. त्यांनी कापडाला चीर दिली आणि तिच्या काठानं टाका घ्यायला सुरुवात केली, दोरा सुईच्या मागून फिरवून, ओढून, गाठ काठावर बसवून. एक काज, दोन मिनिटांत, रेखीव. "समजलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, सोप्पं आहे." "मंग कर."

काय सांगू! दोरा गुंतला, टाके वाकडे पडले, एक बाजू उसवली, बोटाला दोनदा टोचलं. शेजारच्या कॉटवरून आवाज आला, "सिस्टर, काज केलं का उंदरानं कुरतडलं?" सगळा वॉर्ड हसला, चाचीनं तर तोंडाला पदर लावला. चाचा मात्र ते माझं कुरतडलेलं काज उजेडात धरून बारकाईनं बघत होते. "पाह्य, इथं तुनं दोरा मागून घेतला नाही. अन् इथं लई जोरात ओढला. तुझ्या तोंडाले समजलं होतं, हाताले नाही." आणि मग म्हणाले, "आमच्या धंद्यात शिकणाऱ्याले 'समजलं का' म्हणून कोणी विचारत नाही. चिंधी देतो हाती. चिंधी खोटं बोलत नाही, बेटा. तिले कोणाले पास करायचं नसते."

मी उठले, ट्रेमधून सिरिंज आणली, रिकामी बाटली सलाईनच्या पाण्यानं भरली, आणि उशी पुढे ठेवली. "चाचा, घ्या चिंधी. करून दाखवा." आणि बघतच राहिले. रेघा त्यांनी बरोबर मोजल्या, टेपवर आयुष्य गेलेलं. पण हवेचा बुडबुडा आत तसाच, त्याचं काही नाही. आणि सुई आत गेली रे गेली की झपकन बाहेर, दहा आकडे थांबायचं असतं ते माहीतच नाही, औषधाचा थेंब उशीवर. माझ्या चार्टवर हे सगळं लिहिलेलं होतं, चमकीच्या बॉर्डरसकट! मी थांबवायची, ते पुन्हा करायचे. पाचव्या खेपेला उशी कोरडी राहिली. मग जागा बदलण्याचं निघालं तेव्हा मी चार्टवरचं वाक्य बोलणार, तेवढ्यात ते स्वतःच थांबले. गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "एकाच भोकातून पुन्हा पुन्हा सुई गेली का कापड जाते. हे मले तू काय सांगशील? पण पोट बी कापडच हाय, हे तुमी कोणी सांगतलंच नाही ना."

तिथून पुढं मला काही करावं लागलं नाही. त्यांनी टेप मागवला, कॉटवर बसून स्वतःच्याच पोटाचं माप घेतलं ("चार इंच वाढलं बे, दवाखान्याचं जेवण मानवलं"), पॉपलीनची पट्टी कापली आणि काज पाडायला लागले. मधोमध एक मोठं, ते बेंबीवर बसवायचं म्हणजे पट्टी रोज एकाच ठिकाणी बसते. दोन बोटं जागा सोडून उजवीकडे सात, डावीकडे सात. रोज एक काज पुढं. चौदा दिवसांनी पुन्हा पहिलं. गाठीवर येणारी दोन काज त्यांनी लाल दोऱ्यानं शिवून बंद केली, गाठ विरघळेपर्यंत; तोवर बारांवरच भागवायचं. मॅडमनी पाहिलं, आधी खुश झाल्या आणि मग नर्स झाल्या. "सुई कापडाला लागली तर?" चाचांनी विचार केला. "पट्टी फक्त जागा दाखवीन. काजातून, जागेच्या बाजूले, पेनानं टिंब, पट्टी सोडायची, मंग सुई. अन् पट्टी रोज धुवायची." मॅडमनी स्वतःचंच पेन त्यांच्यापुढे धरलं. बेंबीचं काज तेवढं चाचांनी माझ्याकडून करून घेतलं. "हे तू कर. वाकडं झालं तरी चालते, बेंबी काही पळत नाही."

डॉक्टरांनी डोस आधीच कमी करून ठेवला होता, कारण चांगल्या जागी इन्सुलिन लवकर लागू पडतं आणि शुगर धाडकन खाली यायची भीती. मी रोज सकाळी आकडा बघायला पळायची. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी जरा. मग उतरत गेला... उतरत गेला. करंगळी काढावी लागली. पाऊल राहिलं. मी करंगळीबद्दल बोलायला गेले, माफी मागायची होती, तर म्हणाले, "पायडलले पाच बोटं लागत नाही. चारात भागते." त्यांनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'हाव' म्हणाले असते, आणि त्यांच्या 'हाव'वर आता माझा भरवसा नव्हता! सुट्टीच्या दिवशी फाईलमध्ये मी लिहिलं, 'रुग्णाने स्वतः करून दाखवले.' तेव्हापासून मी दुसरं वाक्य लिहिलेलं नाही.

मग ते शुक्रवारचे फोन. गावात आणखी तिघांना शुगर निघाली तर चाचांनी त्यांना पट्ट्या शिवून दिल्या, आणि दुकानात बसवून लोडावर सुई टोचायला लावायचे म्हणे, जोपर्यंत जमत नाही तोपर्यंत घरी सोडायचे नाहीत. मी एकदा मलकापूरहून येताना वाट वाकडी करून गेले होते, जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. उजवा पाय पायडलवर, चार बोटं, मशीन खडखड चालू. मला बघून न थांबता म्हणाले, "बस. कोणतं उत्तर आणलं?"

मागच्या आठवड्यात चाचीला भेटायला गेले तेव्हा तिनं ही पट्टी दिली. मी म्हटलं, ही कितवी? चार वर्षांत एक पट्टी टिकणार नाही, रोज धुतलेलं कापड विरतं. तिनं बोटानं दाखवलं. दोन्ही बाजू नव्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. मधला तुकडा मात्र जुना, पिवळट, दोन्हीकडून पुन्हा पुन्हा जोडून शिवलेला. प्रत्येक नव्या पट्टीत ते तो जुना तुकडा बसवायचे. त्यात एक काज, वाकडं, एका बाजूनं उसवलेलं. उंदरानं कुरतडल्यासारखं.

आणि आज... आता मी स्टाफ आहे, माझ्या वॉर्डात पोरी शिकायला येतात. आज एका पोरीचा हेल्थ टॉक होता, मार्कांचा कागद माझ्या हातात, समोर मोताळ्याकडची एक मावशी, नवीनच इन्सुलिन लागलेली. चार्ट सुंदर होता. पोरीनं शेवटी विचारलं, "समजलं का मावशी?" आणि मावशीनं उत्तर द्यायच्या आधी कुठं पाहिलं, माहितीये? माझ्या हातातल्या कागदाकडे. मग पोरीच्या तोंडाकडे. मग "हाव, समजलं." मी कागद घडी करून खिशात टाकला आणि दुसऱ्या खिशातून पट्टी काढली, उशीला बांधून ती मावशीपुढे ठेवली, म्हटलं, "मावशी, परीक्षा संपली. हिला पूर्ण मार्क दिले. आता तुमी करून दाखवा." मावशीनं सिरिंज उलटी धरली! पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला, माझा तेव्हा कसा झाला असेल ते मला आज समोर दिसलं. मावशी हसत म्हणाली, "बाई वो, मले काहीच समजलं नव्हतं. पण पोरगी एवढी घामाघूम होऊन सांगत होती..." मग आम्ही तिघी मावशीची उशी कोरडी राहीपर्यंत बसलो.

पट्टी अजून मांडीवर आहे, माझं बोट त्या मधल्या काजात आहे, आणि मला एकच विचारायचंय. तुमचं झालंय का असं कधी? डॉक्टर, नर्स, मास्तर, कोणीही असो, त्यांनी विचारलं 'समजलं का', आणि समजलं काहीच नव्हतं, पण त्यांचं मन राखायला, त्यांची परीक्षा पास व्हावी म्हणून, तुम्ही 'हो' म्हणून घरी आलात? मग घरी येऊन काय केलं? सांगा ना... मी खरंच विचारून राह्यली.